रायफलची नळी साफ करण्यात एवढं काय असतं? व्हिएतनाममध्ये सैनिकांना याचं उत्तर फार महागात पडलं

मे १९६७. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या एका स्थानिक वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलं. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या एका मरीन सैनिकाने ते घरच्यांना लिहिलं होतं. आपली माणसं शत्रूमुळे कमी आणि स्वतःच्या रायफलमुळे जास्त मेली, असं त्याचं म्हणणं होतं. मेलेल्या जवळजवळ प्रत्येक साथीदाराशेजारी त्याची रायफल उघडलेल्या अवस्थेत पडलेली सापडली. मरण्याआधी ते ती दुरुस्त करायचा प्रयत्न करत होते.

रायफल होती एम-१६. हलकी, आधुनिक आणि नवीकोरी. अमेरिकन संसदेत त्या पत्रावरून गदारोळ झाला. एक चौकशी समिती आधीच या प्रकरणात लक्ष घालत होती. तिच्यासमोर जी कारणं आली, त्यात एक ऐकायला अगदीच किरकोळ वाटणारं होतं. अनेक सैनिकांकडे रायफलची नळी साफ करायचं साहित्यच नव्हतं.

एक सळई, एक ब्रश, थोडं तेल आणि कापडाच्या चिंध्या. एवढ्याने काय फरक पडतो? त्यासाठी आधी नळीत डोकवायला हवं.

नळीच्या आत नेमकं काय असतं?

रायफलची नळी, म्हणजे बॅरल, बाहेरून साध्या पाइपसारखी दिसते. आतून मात्र तिच्यावर पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. त्यांना रायफलिंग म्हणतात आणि 'रायफल' हे नाव त्यावरूनच पडलंय. गोळी या खाचांमध्ये घट्ट बसून पुढे सरकते, त्यामुळे तिला फिरकी मिळते. भोवरा फिरत असेपर्यंत सरळ उभा राहतो, तशीच फिरणारी गोळी हवेत डगमगत नाही.

फिरकी किती? एम-१६ च्या त्या वेळच्या नळीत १२ इंचात एक पूर्ण फेरा होता. गोळी सेकंदाला साधारण ९९० मीटर वेगाने बाहेर पडायची. हिशेब केला तर गोळी मिनिटाला जवळपास दोन लाख फेऱ्यांच्या गतीने फिरत असते.

आणि हे सगळं घडवून आणणारी खाच किती खोल? ५.५६ मिलिमीटरच्या नळीत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीएवढी! रायफलचा सगळा नेम या केसभर खोलीवर उभा असतो. तिथे गंज चढला, धातूचा थर बसला किंवा सफाई करतानाच ओरखडा पडला, तर गोळी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही.

गोळी जाते, मागे काय राहतं?

रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. पण रायफलमध्ये भरतात ते काडतूस. त्यात धातूची पुंगळी असते, पुंगळीत दारू, तळाशी ठिणगी देणारा प्रायमर आणि तोंडावर गोळी. घोडा दाबला की प्रायमर पेटतो, दारू जळते आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, प्रचंड दाब तयार होतो. एम-१६ मध्ये तो आपल्या आसपासच्या हवेच्या दाबाच्या सुमारे साडेतीन हजार पट असतो. गोळी निघून जाते, पण नळी रिकामी राहत नाही.

दारूची काजळी राहते. सैनिकी आणि शिकारी रायफलच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं वेष्टण असतं, ते घासलं जाऊन नळीला तांब्याचा पातळ थर चढतो. साध्या शिशाची गोळी असेल तर शिसं चिकटतं. आणि जुन्या पद्धतीचा प्रायमर असेल, तर आणखी एक वस्तू मागे राहते: मीठ. हो, जवळजवळ आपल्या जेवणातल्या मिठाचाच चुलतभाऊ.

हे चारही पदार्थ वेगळे आणि त्यांचे उपायही वेगळे. काजळी घालवणाऱ्या द्रावणाने तांबं निघेलच असं नाही. तांबं घालवणाऱ्याने मीठ जाईलच असं नाही. तेलाने तर मीठ अजिबात जात नाही. त्यामुळे 'नळीतून चिंधी फिरवली, काम झालं' हा हिशेब चुकतो.

१८५७ ची चरबी नळीत कशासाठी होती?

नळीतल्या घाणीने भारताच्या इतिहासातही एक मोठी भूमिका बजावली आहे. शाळेत आपण शिकतो की १८५७ च्या उठावाची ठिणगी चरबी लावलेल्या काडतुसांमुळे पडली. पण काडतुसाला मुळात चरबी लावायचीच कशाला, हे बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत.

त्या काळची काळी दारू जळाली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरायचा. काळा, चिकट आणि हवेतली ओल शोषून घेणारा. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत हे खपून जायचं, कारण तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान असायची. ती सैल घरंगळत आत जायची. नेम मात्र बेताचाच लागायचा.

मग १८५३ च्या बनावटीची एनफिल्ड रायफल आली. नळीत तीन खाचा, गोळी बऱ्यापैकी घट्ट, आणि भरायची मात्र तोंडाकडूनच. गजाने ठासत ठासत गोळी खाली न्यायची. काही बार झाले की नळीत काजळी घट्ट बसायची आणि पुढची गोळी खाली जाईना. ही काजळी मऊ राहावी आणि गोळी सहज सरकावी, म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी आणि मेणाचं मिश्रण लावायचे. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, अशी कवायत होती. ही चरबी गाईची आणि डुकराची आहे, ही बातमी जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम छावणीतून पसरली.

उठावाची कारणं अनेक होती. संस्थानं खालसा केली जात होती, शिपायांच्या पगाराचे आणि मानाचे प्रश्न होते. पण ठिणगी ज्या वस्तूमुळे पडली, ती नळी घाणीने तुंबू नये म्हणूनच बनवलेली होती.

काळ्या दारूची ही खोड आजही तशीच आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. अशा बंदुकीची नळी वापरानंतर लगेच गरम पाण्याने धुतली नाही, तर पावसाळी हवेत ती गंजायला फार दिवस लागत नाहीत.

तेल नको, उकळतं पाणी हवं

काळी दारू गेली, बिनधुराची दारू आली. घाण खूपच कमी झाली. पण प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट वापरायचे. ते जळालं की पोटॅशियम क्लोराइड उरतं. हेच ते मीठ. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सुटून ओलं होतं, तसं हे मीठही नळीत बसून हवेतली ओल खेचतं आणि पोलादाला गंज चढवतं.

गंमत म्हणजे वरून भरपूर तेल लावलं तरी उपयोग होत नाही. मीठ तेलात विरघळत नाही. ते तेलाच्या थराखाली निवांत बसून आपलं काम करत राहतं. वरून नळी चकाचक, आतून खड्डे.

म्हणून ब्रिटिश फौजेत ली-एनफिल्ड रायफलसाठी वेगळीच पद्धत होती. फायरिंग झालं की चेंबरच्या बाजूने नरसाळं लावायचं आणि नळीतून उकळतं पाणी ओतायचं. पाण्यात मीठ विरघळून जातं. पाणी उकळतं असल्याने नळी तापते आणि आपोआप कोरडी होते. मग सुकी चिंधी आणि शेवटी तेल. हा क्रम उलटा केला की सगळी मेहनत वाया.

ली-एनफिल्ड म्हणजे आपली 'थ्री नॉट थ्री'. महाराष्ट्रात कित्येक वर्षं पोलिसांच्या खांद्यावर दिसायची तीच. तिच्या दस्त्याच्या तळाशी पितळी झाकण असतं. आतल्या पोकळीत दोन वस्तू ठेवलेल्या असायच्या: तेलाची छोटी बाटली आणि 'पुल थ्रू'. पुल थ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन लावलेली दोरी. वजन नळीत सोडायचं, ते दुसऱ्या तोंडाने बाहेर येतं, आणि दोरीला अडकवलेली चार बाय दोन इंचाची चिंधी ओढून काढायची. एनसीसी केलेल्यांना हा शब्द आणि ती चिंधी दोन्ही आठवत असतील.

सैनिक कुठेही असो, सफाईचं साहित्य रायफलच्या पोटातच असायचं. ते मागे राहून गेलं, हरवलं, पुरवठ्यात अडकलं, हा प्रश्नच यायचा नाही. ही साधी सोय पुढच्या गोष्टीत फार महत्त्वाची आहे.

मग व्हिएतनाममध्ये काय चुकलं?

एम-१६ मुळात वाईट नव्हती. यूजीन स्टोनर यांनी बनवलेली ही रायफल चाचण्यांमध्ये चांगली चालली होती. गोंधळ नंतर झाला.

पहिली गोष्ट दारूची. स्टोनर यांनी ज्या दारूवर रायफल बेतली होती, ती सैन्याने बदलली. नव्या दारूने रायफल ठरल्यापेक्षा जास्त वेगाने फायर करू लागली. त्यातच या दारूत कॅल्शियम कार्बोनेट होतं, त्याचे थर रायफलच्या गॅसच्या बारीक नळीत जमायचे.

दुसरी गोष्ट क्रोमची. दमट हवेत चेंबर आणि नळी गंजू नये म्हणून आतून कडक क्रोमचा मुलामा देतात. दुसऱ्या महायुद्धात जपानने आपल्या अरिसाका रायफलच्या नळ्यांना तो दिला होता. सोव्हिएत एके-४७ ला होता. खुद्द अमेरिकेच्या आधीच्या एम-१४ रायफललाही होता. एम-१६ ला मात्र दिला नाही, आणि ती पाठवली कुठे, तर व्हिएतनामच्या पावसाळी जंगलात!

आता या दोन चुका एकत्र करून पाहा. बार झाला की दाबामुळे पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि मग रायफलची आकडी तिला ओढून बाहेर टाकते. चेंबरमध्ये गंजाचे बारीक खड्डे असतील तर पुंगळीचं पितळ त्यात रुतून बसतं. त्यात रायफल वेगाने चालत असल्याने पुंगळी आकसायच्या आधीच आकडी तिला ओढायला लागते. पुंगळीची कड फाटते आणि पुंगळी आतच अडकते.

अशा वेळी एकच इलाज उरतो. नळीच्या तोंडातून सफाईची सळई घालायची आणि अडकलेली पुंगळी मागे ठोकून बाहेर काढायची. समोरून गोळीबार सुरू असताना. ज्यांच्याकडे सळई होती, ते ती रायफललाच चिकटपट्टीने बांधून फिरायचे. ज्यांच्याकडे नव्हती, ते दुसऱ्याची मिळेपर्यंत निःशस्त्रच होते.

तिसरी चूक सगळ्यांत अनाकलनीय. ही रायफल स्वतःच स्वतःला साफ ठेवते, तिला फारशी देखभाल लागत नाही, असा समज सैन्यात पसरला होता. पुरेशी साफसफाईची किट आणि नीट प्रशिक्षण न देताच ती हजारो सैनिकांच्या हाती दिली गेली. दस्त्यात पोकळी नव्हती, पुल थ्रू नव्हता. काही जणांनी तर घरी पत्रं लिहून वंगण मागवून घेतलं.

ऑक्टोबर १९६७ मध्ये खासदार रिचर्ड इकॉर्ड यांच्या समितीचा अहवाल आला. दारूगोळ्यातले दोष माहीत असूनही ते दूर न करणं हा गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या जवळ जाणारा प्रकार आहे, इतकी कडक भाषा त्यात होती. त्यानंतर चेंबरला आणि पुढे संपूर्ण नळीला क्रोमचा मुलामा आला. दारू सुधारली. दस्त्यात सफाईच्या किटसाठी कप्पा आला, म्हणजे थ्री नॉट थ्रीमध्ये दोन पिढ्यांपूर्वी होता तसा. शिवाय सैनिकांनी वाचावं म्हणून प्रसिद्ध कॉमिक्स चित्रकार विल आइसनर यांच्याकडून एम-१६ च्या देखभालीची चित्रपुस्तिका काढून घेतली. रायफल जवळपास तीच राहिली, पण तिची बदनामी हळूहळू थांबली.

नळी साफ करतात तरी कशी?

आजही मूळ पद्धत फारशी बदललेली नाही. सगळ्यांत आधी मॅगझिन काढायचं, चेंबर उघडायचं आणि ते रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करायची. काडतुसं त्या टेबलावर तर सोडाच, त्या खोलीतही ठेवत नाहीत. 'रिकामीच होती' म्हणत साफसफाई करताना झालेले अपघात आपण बातम्यांमध्ये अधूनमधून वाचतोच.

सळई शक्यतो चेंबरच्या बाजूने घालतात, तोंडाकडून नाही. कारण नळीचं तोंड हा सगळ्यांत नाजूक भाग. गोळीचा नळीशी शेवटचा संबंध तिथे येतो. ती कड एका बाजूने जरा जरी घासली गेली, तर गोळीमागचा गॅस एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला हलकासा धक्का बसतो. म्हणून सळई मधोमध राहावी यासाठी चेंबरमध्ये प्लास्टिकची किंवा धातूची मार्गदर्शक नळी, म्हणजे बोअर गाइड बसवतात. सळईसुद्धा एकसंध आणि आवरण असलेली बरी. तुकडे जोडून बनवलेल्या सळईचे सांधे नळीला घासतात.

आधी द्रावणात भिजवलेली चिंधी फिरवून सुटी घाण काढतात. मग ब्राँझचा ब्रश. तो पूर्ण बाहेर पडू द्यायचा आणि मगच मागे घ्यायचा. मध्येच उलटा ओढला तर ब्रशचे केस वाकतात आणि तो अडकतो. पुन्हा ओली चिंधी, थोडा वेळ थांबायचं, मग कोरड्या चिंध्या. या सगळ्या वेळात रायफलचं तोंड किंचित खाली झुकलेलं असावं, नाहीतर द्रावण मागे ओघळून ट्रिगरमध्ये शिरतं.

तांब्यासाठी अमोनियाचं द्रावण वापरतात. तांबं विरघळलं की चिंधी निळी-हिरवी होते. इथे नवशिके हमखास फसतात! सळईच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा पितळी असेल, तर द्रावण त्याच्यावरही चढतं आणि चिंधी निळीच येत राहते. नळी कधीच स्वच्छ झालेली असते आणि हा आपला घासतच बसतो. शिवाय कडक अमोनिया नळीत तासन् तास ठेवला तर तो पोलादालाही बाधू शकतो, त्यामुळे बाटलीवर लिहिलेली वेळ पाळावी लागते.

शेवटी कोरडी चिंधी आणि तेलाचा अगदी पातळ हात. रायफल पुन्हा वापरायच्या आधी हे तेल पुसून काढायचं असतं. दमट हवेत रायफल चामड्याच्या किंवा फोमच्या बंद पेटीत महिनोन् महिने ठेवणं हेही गंजाला आमंत्रण, कारण पेटीचं अस्तर ओल धरून ठेवतं.

सफाई जास्त झाली तर?

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं होतं. या प्रकारात ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटरचं. शर्टाचं बटण समजा.

इथे वापरतात ती पॉइंट टू टू काडतुसं. गोळी साध्या शिशाची आणि तिच्यावर मेणासारख्या वंगणाचा थर. प्रत्येक गोळी हे वंगण नळीच्या भिंतीला थोडं थोडं लावत जाते आणि काही बारांनंतर नळी एका ठराविक स्थितीत स्थिरावते. त्यानंतरच गोळ्या एकाच जागी पडू लागतात. नळी पूर्ण साफ केली की हा थरही जातो आणि पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जाऊ शकतात. म्हणून स्पर्धेच्या अगदी आधी कडक सफाई करून थेट नेम धरायला कुणी बसत नाही. सफाईनंतर आधी काही गोळ्या झाडून नळी 'बसवून' घेतात.

किती बारांनंतर साफ करायची, यावर नेमबाजांमध्ये एकमत नाही. कुणी रोजच्या सरावानंतर दोन-तीन चिंध्या फिरवतो, कुणी नेम बिघडेपर्यंत हात लावत नाही. दोन्ही गटांतले लोक पदकं जिंकतात. पण चेंबरच्या पुढे काजळी आणि शिशाचं जे कडक कडं जमतं, ते वेळेवर काढलं पाहिजे, हे बहुतेकांना मान्य असतं.

शहरातल्या क्लबमध्ये मुलं शिकतात ती १० मीटर एअर रायफल. तिच्यात दारूच नाही, त्यामुळे काजळी नाही, मीठ नाही आणि ब्राँझच्या ब्रशची गरजही नाही. अधूनमधून नमद्याच्या छोट्या गोळ्या नळीतून सोडल्या की पुरतं. तीव्र द्रावणं तर लांबच ठेवायची, कारण त्यांनी आतले रबरी सील खराब होतात. यूट्यूबवरचा शिकारी रायफलच्या सफाईचा व्हिडिओ पाहून पालक एअर रायफलला तेच करायला गेले, तर हमखास बिघडते ती हीच जागा.

आणि जिथे जुनी, मिठाचे अंश सोडणारी काडतुसं वापरली जातात, तिथे एक जुना रिवाज अजून टिकून आहे. फायरिंगच्या दिवशी नळी धुवून, पुसून, तेल लावून झालं तरी रायफल लगेच कपाटात जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी कोरडी चिंधी नळीतून ओढून पाहतात. ती तांबूस निघाली, तर पुन्हा पाणी उकळायला ठेवायचं.